काट्यांपलीकडचा तास

इतिहासाच्या सरांची आठवण निघाली की आमच्या गावातले लोक आधी हसतात. त्यांची बारमाही छत्री, थंडगार चहा, पोरांना भलत्याच नावानं हाका मारणं, सगळं एकमेकांना आठवण करून देऊन हसतात. मीही हसते. पण माझं हसू फार टिकत नाही, मागोमाग राग येतो. तो सरांवरचा नसतो. ज्यांच्यावरचा आहे ते आजही कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आमच्या शाळेच्या कार्यक्रमांना मधल्या खुर्चीत बसतात आणि त्यांच्या स्वागताचा फलक मलाच रंगीत खडूंनी लिहावा लागतो, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

आमची शाळा लातूर जिल्ह्याच्या अगदी कडेला. गावाबाहेर थोडं चाललं की चिंचेचं मोठं झाड, त्याच्या पुढं ओढा, ओढ्याकाठी शेंदूर फासलेला शिवेचा दगड. ओढा ओलांडला की बोरटाकळी, आणि ती नांदेड जिल्ह्यात. सर बोरटाकळीचे. रोज सकाळी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पायी शिकवायला यायचे आणि हजेरीपटावर सही करताना म्हणायचे, "परदेशातून आलोय, जरा दम खाऊ द्या." मी गावातच गिरणीच्या बोळात भाड्याची खोली घेऊन राहते आणि गणित शिकवते.

सरांना मी कधी खुर्चीत बसलेलं पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, तिच्यावर त्यांची छत्री बसायची. सर खिडकीला टेकून उभे. शिपायानं आणलेला चहा बशीत ओतून खिडकीत ठेवायचे आणि त्यावर साय धरेपर्यंत त्याच्याकडं बघायचे नाहीत. छत्री त्यांनी कधी उघडलेली मला आठवत नाही. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटतं, तेव्हाही ती मिटून काखेत. मी एकदा विचारलं, "सर, उघडत का नाही?" तर म्हणाले, "मॅडम, उघडली की जुनी होते."

मुलांची नावं ते लक्षात ठेवत नसत. बाहेरगावच्या पोरांना गावाचं नाव आणि गावातल्यांना घराजवळची खूण. "ए टाकी, उभी राहा." "ए मारुती, तू सांग." माझ्या बोळातली एक मुलगी नववीत होती, तिची आजी गिरणीच्या भिंतीला लागून राहायची. तिचं नाव पडलं गिरणी. ती पोरगी वर्गात एरवी तोंड उघडायची नाही, पण सरांनी "ए गिरणी" म्हटलं की हसत उठायची.

आणि परीक्षा तोंडी. वार्षिक पेपर नाइलाजानं लेखी घ्यायचे, पण घटक चाचण्या आणि सराव सगळा तोंडी. मुख्याध्यापक वैतागायचे, तपासणीला काय दाखवू म्हणायचे. सर शांतपणे म्हणायचे, "पोरं दाखवा." मी त्यांना एकदा डिवचलं होतं, की तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुमचाच कागदावर विश्वास नाही? त्यावर ते खिडकीतून वळले. "कागद कोणी लिवला ते बघून इस्वास ठेवतो, मॅडम. लिवलेलं खोडता येतंय. दहा जणांनी ऐकलेलं खोडायला दहा जणांकडं जावं लागतंय."

मुख्याध्यापकांना ते तोंडावर सुभेदार म्हणत. मुख्याध्यापकांना तो मान वाटायचा. संस्थेच्या अध्यक्षांना ते काहीच म्हणत नसत, फक्त अध्यक्ष आले की खिडकीकडं तोंड करून उभे राहत.

सरांचा एक धडा मात्र पाठ्यपुस्तकात नव्हता. दर वर्षी दिवाळीनंतर ते तो घ्यायचे, आणि मी शेजारच्या वर्गात फळ्यावर गणित टाकून तो ऐकत बसायचे. मरीआईचा गाडा. जुन्या काळी, निजामाच्या राज्यात, गावात पटकी म्हणजे कॉलरा आला, माणसं पटापट जायला लागली, की गाव काय करायचं? लाकडाचा लहानसा गाडा करायचे, त्यावर मरीआई बसवायची, लिंबाचे डहाळे, हिरवं लुगडं, नारळ. हलगी लावून तो गाडा ओढत शिवेवर न्यायचा आणि ओढ्यापलीकडं ढकलून मागं न बघता घरी यायचं. रोग गेला. आता तो बोरटाकळीचा.

"मग बोरटाकळीनं काय केलं?" सर विचारायचे.

"पुढच्या गावाला ढकलला," वर्ग ओरडायचा.

"आन् पुढच्या गावानं?"

"त्याच्या पुढच्या."

"हाव. मग गाडा शेवटी कुठं थांबला?"

इथं वर्ग गप्प व्हायचा. मग एखादं पोरगं म्हणायचं, नदीत. एखादं म्हणायचं, हैद्राबादला. एकानं एकदा सांगितलं, समुद्रात, त्याला सरांनी दोन शेंगा दिल्या, निदान लांबचा विचार केला म्हणून. पण हे बरोबर, हे चूक, असं ते कधी सांगायचे नाहीत. घंटा झाली की छत्री उचलायची आणि चालू लागायचं. वर्षानुवर्षं तो प्रश्न तसाच वर्गात टांगलेला राहिला. पोरं मोठी झाली, ट्रॅक्टर चालवायला लागली, पोरांची बापं झाली, तरी चावडीवर सर दिसले की विचारायची, "सर, गाडा सापडला का?"

स्टाफरूममध्ये आम्हीही तो वापरायला लागलो होतो. वरून काहीतरी माहिती मागवायचा आदेश यायचा, मुख्याध्यापक तो पर्यवेक्षकांकडं सरकवायचे, पर्यवेक्षक माझ्याकडं, आणि मी कोणाकडं सरकवू म्हणून आजूबाजूला बघायला लागले की खिडकीतून आवाज यायचा, "गाडा आला का, मॅडम?"

कोरोना आला आणि शाळा बंद झाली. शाळा बंद, पण शिक्षण चालू, असं ठरलं. ठरवणाऱ्यांच्या घरी वायफाय होतं. आम्हाला हुकूम आला की ऑनलाइन तास घ्या आणि शिकवतानाचा फोटो रोज ग्रुपवर टाका. शिकवलं काय, पोरांना कळलं काय, हे कुणी विचारलं नाही, फोटो मात्र अकराच्या आत पाहिजे. मुख्याध्यापकांनी स्वतःचा फोटो पहिल्या दिवशी टाकला. टाय लावून, समोर लॅपटॉप. लॅपटॉपची स्क्रीन काळी होती, कारण चार्जर शाळेत राहिला होता. सगळ्यांनी अंगठे टाकले.

फोटो गोळा करायचं काम माझ्याकडं होतं. इतिहासाच्या सरांचा फोटो काही येईना. त्यांच्याकडं बटणाचा फोन. मी फोन केला तर म्हणाले, "मॅडम, नववीच्या निम्म्या पोरांचा फोन सकाळी बापाच्या खिशात बसून रानात जातोय. मी तास कोणाला घेऊ, ढेकळांना?" आणि मग ते सरळ घरोघरी गेले. पहिलं वर्ष त्यांनी ओट्यांवर, गोठ्यांत, देवळाच्या कट्ट्यावर चार-चार पोरं बसवून काढलं. मुख्याध्यापकांनी दोनदा तंबी दिली. सरांनी दोन्ही वेळा चहा गार केला.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरी लाट आली, आणि ती खरी लाट होती. अहमदपूरला दवाखान्यात खाट मिळेना, रोज कुणाची ना कुणाची बातमी. गाव घाबरलं. घाबरण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही घाबरले होते, रात्रंदिवस हात धूत होते. पण गावानं काय केलं? बोरटाकळीच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या, माणसाच्या छातीइतक्या उंच. टाकल्या कुठं, तर शिवेवर नाही. शीव ओढ्यापाशी. काट्या टाकल्या चिंचेच्या अलीकडं, गावाच्या तोंडाशी, म्हणजे पोरांना लांब चालत जाऊन राखण करायला नको. तिथं खुर्च्या टाकून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली चार तरुण पोरं बसवली. त्यांना दक्षता समिती म्हणायचं. हे सगळं सरपंचांच्या नावावर, आणि सरपंच म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. बाहेरच्याला प्रवेश नाही.

सर बाहेरचे झाले. बत्तीस वर्षं त्या रस्त्यानं आलेला माणूस.

पहिल्या दिवशी ते काट्यांपर्यंत आले, पलीकडून छत्रीच्या टोकानं एक फांदी हलवून बघितली आणि राखणीवरच्या पोराला म्हणाले, "ए पिंपळ, नववीला सांगून ये. तास हाय." तो पिंपळ त्यांचाच जुना विद्यार्थी. गेला बिचारा.

तेव्हापासून रोज सकाळी आठला काट्यांवर इतिहासाचा तास भरायला लागला. अलीकडं रस्त्यावर अंतर सोडून बसलेली पोरं, तोंडाला रुमाल. पलीकडं उन्हात उभे सर. मधे बाभूळ. इतिहासानंतर मी अलीकडच्या बाजूनं गणित घ्यायचे. सर तेव्हा साथींचा इतिहासच सांगत होते. प्लेगात गाव कसं उठायचं, मानमोडीच्या तापात एका घरातली सगळी माणसं कशी जायची. त्यांचा आवाज मुळात मोठा, त्या मोकळ्या रस्त्यावर तर तो मळ्यापर्यंत जायचा. "प्लेग आला की अख्खं गाव शिवारात राहायला जायचं, बरं का. पाटील बी खोपीत आन् सालगडी बी खोपीत. गाव रिकामं, माणसं बाहेर. आता बघा आपलं. गाव आत आन् माणूस बाहेर."

राखणीवरची पोरं मान खाली घालून मोबाईल बघायची.

गिरणीचे आईबाप पुण्याला बांधकामावर होते. काम बंद पडलं, ते मिळेल त्या टेंपोनं नांदेडकडून वळसा घालून आले आणि काट्यांपाशी अडले. चौदा दिवस बाहेर राहा, म्हणाले. बरं, कुठं राहायचं? शाळा रिकामी होती, खोल्या होत्या, पाण्याची टाकी होती. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, अध्यक्षांना विचारतो. अध्यक्ष म्हणाले, नुकताच रंग दिलाय. तेव्हा नवरा-बायको चिंचेखाली राहिले. तीन दगडांची चूल, पोत्याचा आडोसा. गिरणी दोन दिवस काट्यांच्या अलीकडून आईशी बोलत राहिली, तिसऱ्या दिवशी खरचटून घेत पलीकडं गेली. मग तिलाही परत येऊ देईनात.

त्याच आठवड्यात अध्यक्षांचा मुलगा पुण्याहूनच आला, चारचाकीतून. काट्या बाजूला झाल्या, गाडी आत आली, काट्या परत लागल्या. गाडीच्या काचा वर होत्या म्हणून रोग आत आला नसावा.

त्यानंतर तासाला एक वेगळंच चित्र दिसायला लागलं. अलीकडं सगळा वर्ग, आणि पलीकडं सरांच्या बाजूला एकटी गिरणी, मातीत मांडी घालून. सर तिच्याकडं बघून म्हणायचे, "तू पहिल्या बाकावर." तिचा बाप चिंचेखालून हात जोडून नमस्कार करायचा. दणकट, हसरा माणूस होता. मला ओरडून विचारायचा, "मॅडम, पोरगी गणितात कशी हाय?" मी ओरडून सांगायचे, "बरी आहे, आकडेमोडीत घाई करते." तो म्हणायचा, "माझ्यावर गेली."

त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता. मी हे मुद्दाम लिहिते आहे.

त्या दिवशी तास नुकताच सुरू झाला होता. बाप सरपण गोळा करायला ओढ्याकडं गेला होता. तो परत येताना मला आधी दिसला, कारण मी लवकर येऊन पोरांच्या मागं उभी होते. वाकडा चालत होता. चिंचेपाशी येऊन बसला आणि बायकोला म्हणाला, पान लागलं. साप चावला की आमच्याकडं असंच म्हणतात. नाव घेत नाहीत. त्यानं टॉवेलानं पोटरी आवळून घेतली होती.

आता नीट ऐका. प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्या गावात आहे. काट्यांपासून हाक मारली तर नर्सबाईंना ऐकू जावी इतक्यावर. सापाचं इंजेक्शन तिथं होतं, हे मी नंतर स्वतः विचारून आले.

सरांनी छत्री टाकली, त्याला खांद्यावर घेतला आणि काट्यांपाशी आणला. "ए पिंपळ, उघड."

पिंपळ उठला, फांदीला हात घातला, आणि थांबला. "सर, सरपंचांना विचारून घेतो. एकच मिनिट."

त्यानं सरपंचांना फोन लावला. सरपंच म्हणाले, काकांना विचारतो. काका म्हणजे अध्यक्ष, ते लातूरला. त्यांचा फोन लागेना. लागला तेव्हा ते म्हणाले, पोलीस पाटलांना कळवा, रीतसर होऊ द्या. पोलीस पाटील म्हणाले, ग्रामसेवकांचं पत्र पाहिजे. ग्रामसेवक म्हणाले, आधी टेस्ट करा, पॉझिटिव्ह असला तर अख्ख्या गावाची जिम्मेदारी कोण घेणार? हे सगळं स्पीकरवर, पोरांसमोर. आणि पलीकडं तो माणूस सरांच्या मांडीवर डोकं ठेवून, पापण्या मिटायला लागलेल्या.

सर ओरडत नव्हते. तेवढंच म्हणत होते, "उघड रे, पिंपळ. उघड रे, बाबा."

कुणीतरी पळत जाऊन गिरणीच्या आजीला आणि नर्सबाईंना सांगितलं. म्हातारी अनवाणी पळत आली, कुणाला काही न विचारता तिनं दोन्ही हातांनी काट्या ओढायला सुरुवात केली. मी लागले, अजून दोन बायका लागल्या, नववीची पोरं लागली. तेव्हा कुठं पिंपळही लागला, रडत. बाभळीचा काटा एकमेकांत अडकतो, एक ओढली की चार येतात. हात रक्तानं भरले. नर्सबाई पळत आल्या तोवर आम्ही माणूस जाईल एवढी वाट केली होती. त्या खाली बसल्या, त्याच्या मानेला बोटं लावली आणि बराच वेळ काढलीच नाहीत.

तो आत आलाच नाही.

मला वाटलं होतं, आता गाव शरमेनं मान खाली घालेल. काही घातली नाही. साथीचे दिवस आहेत म्हणून घाईघाईत त्याच दुपारी ओढ्याकाठी जाळून टाकलं. पंचनामा नको, गर्दी नको. आठवड्यानं मुख्याध्यापकांनी सरांना नोटीस काढली, विनापरवाना मुलं जमवून त्यांच्या मनावर विपरीत परिणाम केल्याबद्दल. म्हणजे पोरांच्या मनावर परिणाम सापानं नाही केला, फोनवर बोलणाऱ्यांनी नाही केला, इतिहासाच्या तासानं केला. सर नोटीस हातात घेऊन केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सुभेदार, उत्तर तोंडी देतो." काय बोलले ते मला माहीत नाही. दार बंद होतं. पण नोटिशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

खरा संताप पुढंच आहे.

गिरणीच्या आईला नवऱ्याच्या मृत्यूची नोंद पाहिजे होती. त्याशिवाय निराधारांची पेन्शन नाही, रेशन कार्ड बदलत नाही, पोरीची शिष्यवृत्ती नाही. ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक म्हणाले, "तो गावात वारला न्हाई. काट्याच्या बाहेर वारला. बोरटाकळीत नोंद करा."

सर तिच्यासोबत गेले. मी पण गेले. सर म्हणाले, "शीव ओढ्यापाशी हाय. दगड हाय तिथं. चिंच आपल्या गावची, दर साली तिचा लिलाव तुमीच करता."

"सर, पण गाव काट्यापाशी बंद होतं ना."

"काट्या टाकल्या म्हणून शीव सरकती का?"

ग्रामसेवक माणूस वाईट नव्हता, त्यानं आवाज खाली केला. तालुक्याला कोरोनामुक्त गावांचा सत्कार होणार होता. आमच्या गावाचं नाव होतं. त्या महिन्यात गावात एकही मयत दाखवायचं नव्हतं. साप चावून मेला म्हटलं तर कुठं मेला, दवाखान्यात का नाही नेला, हे प्रश्न निघणार. त्यापेक्षा तो मेलाच नव्हता हे बरं. सरपंचांकडं गेलो, ते म्हणाले काकांशी बोला. काकांकडं गेलो. अध्यक्षांनी आम्हाला चहा दिला, सर त्याला शिवले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमचे रिटायरमेंटचे चार महिने राहिले. पेन्शनचे कागद आमच्याच सहीनं जातात. कशाला तकलीफ करून घेता?"

मग आम्ही बोरटाकळीत गेलो. तिथल्या सरपंचांना सगळे चाचा म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरणारं घराणं, तालुक्याला दुकान आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तिथल्या ग्रामसेवकानं नकाशा काढून दाखवला, चिंच आपल्या हद्दीत नाही, नियमात बसत नाही. चाचांनी नकाशा गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"मास्तर, आमच्याकडं लिवा. ओढ्याच्या ह्या काठाला वारला म्हणून लिवा. बाईनं अजून किती गावं हिंडायची?"

"पण चाचा, ते खोटं हाय," सर म्हणाले.

"हाव, खोटं हाय. खरं लिवणारं कोणी हाय का ओढ्यापलीकडं?"

माहिती देणारा म्हणून सही करायला माणूस पाहिजे होता, समोर मरताना पाहिलेला. सरांनी पेन घेतलं. गिरणीची आई भिंतीला टेकून उभी होती, पदरात तोंड. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना सांगितलं, की कागद कोणी लिहिला ते आधी बघा, त्यानं स्वतःच्या हातानं खोट्या जागेवर सही केली. केली नसती तर ती बाई अजून हिंडत असती. मी तेव्हा रडले ते दुःखानं नाही. माझ्या हातात बाभळीचे काटे अजून सलत होते आणि त्या क्षणी मला आमच्या गावातला एकेक पांढरा शर्ट त्या काट्यांवर वाळत घालावासा वाटत होता.

येताना सर ओढ्यात पाय बुडवून उभे राहिले. मी म्हटलं, "सर, काम झालं ना तिचं." ते म्हणाले, "झालं. पण आपल्या गावानं गाडा ढकलला, मॅडम. आन् ढकलायला मी हात लावला."

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. कोरोनामुक्त गावाची ढाल आली, आणि सरांची निवृत्तीही आली. अध्यक्षांनी काटकसर म्हणून दोन्ही सत्कार एकाच मांडवात उरकायचं ठरवलं. फलक मीच लिहिला. गावकरी, सरपंच, मुख्याध्यापक, ग्रामसेवक, सगळे. नववीची पोरं आता दहावीत गेलेली, पुढच्या सतरंजीवर. गिरणी त्यांच्यात. मागं उभ्या गर्दीत पिंपळ.

अध्यक्ष तासभर बोलले. म्हणाले, सगळ्या तालुक्यात हाहाकार असताना आपल्या गावानं शीव राखली. एकही माणूस आपण गमावला नाही. टाळ्या झाल्या. मी गिरणीकडं बघितलं. ती सतरंजीचा दोरा ओढत होती.

मग सरांना शाल, श्रीफळ. अध्यक्षांनी शाल घालताना त्यांच्या कानाशी काहीतरी म्हटलं आणि हसले. मुख्याध्यापकांनी माईकवरून सांगितलं, आता सर दोन शब्द बोलतील, मुलांना आयुष्यभर पुरेल असा संदेश देतील.

सर उठले असं म्हणता येत नाही, कारण ते बसलेच नव्हते. त्यांच्या खुर्चीवर छत्री होती. ते माईकपाशी आले, माईक बाजूला केला. त्यांना तो लागत नाहीच.

"दहावी," ते म्हणाले. "तोंडी परीक्षा. एकच प्रश्न राहिला होता."

पोरं ताठ बसली.

"गाडा कुठं थांबला?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नावर वर्ग गप्प बसायचा, त्या प्रश्नावर कुणी क्षणभरही थांबलं नाही. सगळा वर्ग एका आवाजात बोलला, गिरणीचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता.

"चिंचंखाली, सर."

"चिंच कोणाच्या शिवंत?"

"आपल्या."

अध्यक्षांना वाटलं, पोरांनी पाठ केलेलं उत्तर छान दिलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन-तीन वाजल्या असतील. मग त्यांच्या लक्षात आलं, की दुसरं कुणीच वाजवत नाही. मांडवात सगळे जमिनीकडं बघत होते, मागं पिंपळ हुंदके देत होता. अध्यक्षांचे हात तसेच हवेत राहिले.

सरांनी शाल काढली, घडी घातली, पुढं येऊन बायकांत बसलेल्या गिरणीच्या आजीच्या मांडीवर ठेवली. मग छत्री काखेत मारून ते बोरटाकळीच्या रस्त्यानं निघाले. त्यांचा चहा स्टाफरूमच्या खिडकीत तसाच होता.